सडा खरोखर ‘पडीक’ आहे का?

शास्त्रपाठ : ईयोब ३८:२५-२७, उत्पत्ती २:१५



परमेश्वर ईयोबाला विचारतो, जिथे माणसाची वस्ती नाही अशा ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? तिथे गवत कोण उगवतो? म्हणजे माणसाच्या उपयोगी न पडणाऱ्या जमिनीचीही देव काळजी घेतो.

आपल्या जिल्ह्यातला कातळसडा असाच आहे. उन्हाळ्यात तो काळा, कोरडा दिसतो, म्हणून आपण त्याला पडीक म्हणतो. पण पावसाळ्यात त्याच कातळावर गेंद, कवला, सीतेची आसवं फुलतात. टिटवी तिथे उघड्यावर अंडी घालते. जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते.

राजापूर तालुक्यात अशा सड्यांवर ऊर्जेचे दोन मोठे प्रकल्प योजले गेले. माडबन येथे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या, प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांना २०१० साली अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली. समुद्रात परत सोडलेल्या गरम पाण्याने मासळीचे काय होईल, ही साखरीनाटेच्या मच्छीमारांची चिंता. दुसरा प्रकल्प तेलशुद्धीकरणाचा. नाणारची अधिसूचना २०१९ साली रद्द झाली, नंतर बारसूचे नाव पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये तेथील माती परीक्षणाला ग्रामस्थांनी विरोध केला. याच बारसूची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली आहेत.

वीज आपल्यालाही हवी. मुलांना नोकरीसाठी मुंबई गाठावी लागू नये, असे प्रत्येक आईबापांना वाटते. म्हणून ख्रिस्तसभा सरसकट ‘प्रकल्प नको’ म्हणत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात (क्र. १८३ ते १८५) शिकविले, की पर्यावरणाचा अभ्यास प्रकल्प ठरल्यावर नव्हे, आरंभीच व्हावा. स्थानिक लोकांना चर्चेत विशेष स्थान असावे. प्रकल्प कशासाठी, कोणासाठी, धोका कोणता, खर्च कोण सोसणार, हे विचारले जावे.

एदेन बागेत देवाने माणसाला दोन कामे दिली : मशागत आणि राखण. एक करताना दुसरे सोडण्याची मुभा त्याने दिलेली नाही.

मननासाठी :
१. आपल्या गावच्या सड्यावर काय जगते, हे आपण मुलांना दाखविले आहे का?
२. जनसुनावणी असते तेव्हा आपण अहवाल वाचून जातो का?
३. घरातील कोणती वीज आपण वाया घालवितो?

प्रार्थना : हे प्रभो, तू निर्मिलेले काहीही आम्ही टाकाऊ मानू नये, अशी दृष्टी आम्हांला दे. आमेन.