एन्केचा धूमकेतू : दादरकरांसाठी खर्चाचा हिशेब

चाळीस-पन्नास हजारांचा टेलिस्कोप गच्चीवर लावला की एन्केचा धूमकेतू दिसेल, असं कोणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा. दादरच्या आभाळात बऱ्या रात्रीही जेमतेम तिसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. त्याहून कितीतरी मंद, आठव्या-नवव्या प्रतीच्या धूमकेतूचा उजेड डागासारखा पसरलेला असतो. शिवाजी पार्कच्या दिव्यांपुढे त्याचा काय निभाव लागणार? टेलिस्कोप मोठा घेतलात तरी त्यातून उजळलेलं आभाळही दिसणारच.

म्हणून पहिला खर्च अंधारावर करा. तो स्वस्तही आहे. कर्जत लोकलने वांगणीला जायचं. सेकंड क्लासचं एका बाजूचं तिकीट तीस रुपयांच्या आत. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने सुरू झालेलं खगोल मंडळ इथे वर्षानुवर्षं आकाशदर्शनाच्या रात्री भरवत आलं आहे. एकट्याने माळरान गाठण्यापेक्षा अशा गटाबरोबर जा, आणि शुल्कात जेवण धरलंय का ते आधी विचारा.

दुसरा खर्च 10×50 बायनॉक्युलरचा. नावाजलेल्या कंपनीचा साधारण आठ ते बारा हजारांना पडतो. झूमवाला घेऊ नका. दुकानातच हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगातल्या उजेडाच्या चकत्या बघा. त्या पूर्ण गोल हव्यात; कडा कापल्यासारख्या दिसल्या तर आतल्या प्रिझममध्ये काटकसर केली आहे असं समजा. ट्रायपॉड आणि तो जोडायचा अडॅप्टर यांचे दोन-तीन हजार वाचवू नका, कारण हात हलला की पुसट डाग हमखास हरवतो. आपोआप फोटो काढणारे ‘स्मार्ट’ टेलिस्कोप पन्नास हजारांच्या आसपास सुरू होतात. हौस असेल तर घ्या, गरज नाही.

बाकीचं फुकट. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत मायनर प्लॅनेट सेंटरचे कक्षेचे ताजे आकडे भरले की धूमकेतूची त्या रात्रीची जागा मिळते.

नोंदीला लागते पन्नास रुपयांची वही. धूमकेतू किती मोठा आणि किती उजळ दिसतो ते डोळ्यांत साठवा, मग फोकस बिघडवून जवळचे तारे तेवढेच फुगवा आणि कोणता तारा जुळतो ते पाहा. त्या ताऱ्याची प्रत हीच धूमकेतूची प्रत. सोबत तारीख, वेळ, साधन आणि डागाचा आकार लिहा. वेळ जागतिक लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. या नोंदी ‘कॉब्स’ या आंतरराष्ट्रीय संग्रहात विनाशुल्क जातात.

अशा जुन्या नोंदींतूनच हा धूमकेतू ओळखला गेला. 1786, 1795, 1805 आणि 1818 मध्ये दिसलेले पाहुणे एकच आहेत, हे योहान एन्केने गणिताने दाखवलं आणि 1822 चं पुनरागमन आधीच वर्तवलं. फेरी फक्त 3.3 वर्षांची, त्यामुळे एकाच वहीत त्याच्या पाच-सहा भेटी सहज मावतात. टेम्पेल-2 हा धूमकेतूही साडेपाच वर्षांच्या आत परततो, पण 2026 मध्ये तो सूर्याजवळ येतो 2 ऑगस्टला, ऐन पावसात! मुंबईकरांनी त्यावर खर्च करू नये.

एन्के सूर्याजवळ पोचतो फेब्रुवारी 2027 च्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी जानेवारीत तो संध्याकाळी पश्चिमेच्या आभाळात असेल. 7 जानेवारीच्या अमावास्येनंतरचा शनिवार 9 तारखेला येतो. तो मोकळा ठेवा आणि बायनॉक्युलर दिवाळीतच घेऊन हात बसवून ठेवा.