टर्बोच्या इंजिनाची निगा

होटगी

चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू ८०,००० किलोमीटर चाललेली टर्बोची डिझेल मोटार घेतलीस आणि तिचे इंजिन आणखी किती काळ चालेल असे विचारलेस. घोरपडीच्या डिझेल शेडमधील माझ्या नोकरीच्या अनुभवावरून जे ठाऊक आहे, ते लिहितो.

त्या शेडमधील रेल्वेची सोळा सिलिंडरांची, २६०० अश्वशक्तीची इंजिनेही टर्बोचीच. त्यांच्या वंगणतेलाचा नमुना ठरल्या मुदतीस प्रयोगशाळेत जाई, आणि तेलात तांबे किंवा शिसे वाढलेले आढळले की बेअरिंग झिजू लागल्याची वर्दी, कानाला काही कळण्याच्या आधीच, आम्हांला मिळत असे. इंजिन बंद केल्यावर टर्बो थांबेपर्यंत किती सेकंद फिरतो हे घड्याळ हातात धरून मोजावयाचे आणि रजिस्टरात नोंदवावयाचे, अशी शिस्त होती. तो लवकर थांबला तर आत काही घासते आहे असे समजावे.

तुझ्या मोटारीतला टर्बो मुठीएवढा, पण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा. त्याचा दांडा तेलाच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगत असतो. हे सारे ठाऊक असूनही माझ्या पहिल्या मोटारीच्या बाबतीत मी हयगय केली. भर वैशाखात विजापूरहून वेगाने यावे आणि दारात येताच किल्ली फिरवावी, तेलाची मुदत उलटली तरी पुढच्या महिन्यावर टाकावे, असे कित्येक वर्षे चालले. अखेर निळा धूर येऊ लागला. मिस्त्रीने टर्बोला तेल पुरवणारी नळी सोडवून फडक्यावर आपटली, तेव्हा तीतून काळी, कोळशाच्या चुऱ्यासारखी खर पडली. इंजिन एकाएकी बंद केले की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जागच्या जागी करपते. त्या हयगयीची खंत मला आजही आहे.

म्हणून लांबच्या दौडीनंतर शेवटचा मैलभर गाडी सावकाश आण, उभी केल्यावर मिनिटभर इंजिन संथ चालू दे, आणि सकाळी तेल तापेपर्यंत जोर करू नकोस. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घाल; मात्र तीत दिलेली मुदत ही कमाल मर्यादा समज, कारण आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि येथील सिमेंट कारखान्याच्या रस्त्यावरील धूळ तर तू पाहिलीच आहेस. हवेचा फिल्टर वेळच्या वेळी बदल. त्याच्या पेटीची एक क्लिप जरी सैल राहिली, तरी ती धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते.

येत्या रविवारी गाडी घेऊन ये. आधीच्या मालकाकडून सर्व्हिसची बिले मिळाली तर बरोबर आण. न मिळाल्यास तेल आणि फिल्टर बदलूनच नीघ, आणि त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिही. ताईस नमस्कार.

तुझा,
मामा