कवळीला नवे अस्तर

चला, चिरनेरच्या एखाद्या घरात डोकावू. घरात साखरपुडा आहे. पंगत बसली आहे. पानात तांदळाची भाकरी आहे, वालाचं बिरडं आहे. सगळे आवडीने जेवतात. आजी मात्र भात कालवून नुसता गिळते.

नातू म्हणतो, "आजी, भाकरी घे ना!"

आजी म्हणते, "नको रे बाला, कवली हालते. चावाला नाय जमत."

तीन वर्षांपूर्वी कवळी केली, तेव्हा ती घट्ट बसत होती. आता बोलताना निसटते. हिरडीला घासते. चारचौघांत लाज वाटते, म्हणून आजी हल्ली लग्नकार्यालाही जात नाही.

कवळी बिघडली का? नाही. आजीचा जबडा बदलला.

तो कसा बदलतो? आपल्या भातखाचराचा बांध आठवा. दर पावसाळ्यात त्याची थोडी माती वाहून जाते. बांध खाली बसतो. हिरडीखालच्या हाडाचंही तसंच आहे. दात असतात तोवर हाड टिकतं. दात गेले की ते झिजू लागतं. पहिल्या वर्षात जास्त झिजतं, पुढे हळूहळू. पण झीज थांबत नाही. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा अधिक असते. कवळी मात्र होती तेवढीच राहते. मग दोघांमध्ये फट पडते आणि कवळी हलते.

यावर उपाय आहे. जुन्या कवळीला आतून नवे अस्तर घालता येते.

दाताचे डॉक्टर आधी तोंड तपासतात. हिरडी सुजली असेल, तर एक-दोन दिवस कवळी काढून ठेवायला सांगतात. सुजेवर माप घेतलं, तर सूज उतरल्यावर कवळी पुन्हा सैल होईल. मग ते कवळी आतून थोडी खरवडतात. तिच्यात मऊ लगदा भरून ती तोंडात बसवतात. चिरनेरचा कुंभार ओल्या मातीवर बोट दाबतो, तेव्हा बोटाचा ठसा उठतो ना? तसाच लगद्यात हिरडीचा ठसा उठतो. पुढे त्या ठशाच्या जागी ॲक्रिलिकचं पक्कं अस्तर बसवतात. त्यासाठी कवळी डॉक्टरांकडे ठेवावी लागते. हिरडी फार नाजूक असेल, तर मऊ अस्तर घालतात. ते पुढे पुन्हा बदलावं लागतं.

प्रत्येक कवळीला अस्तर चालत नाही. कवळीचे दातच झिजले असतील किंवा ती फार तडकली असेल, तर नवी करावी लागते.

हे काम दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होतं. आपल्या बाजूला कामोठे आणि खारघर इथे अशी महाविद्यालये आहेत. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे.

आता काही गोष्टी ध्यानात ठेवू.

१. कवळी घरी कानशीने घासू नये. घरातल्या डिंकाने चिकटवू नये.

२. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते.

३. मऊ ब्रश आणि साबणाने धुवावी. राख, मिश्री लावू नये. खाली पाण्याचं भांडं धरावं, म्हणजे हातातून सुटली तरी फुटणार नाही.

४. तोंडातला फोड किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवावा. तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर मुळीच थांबू नये. तो कर्करोगही असू शकतो. 'कवळी लागते, दुसरं काय!' असं म्हणून पुष्कळदा उशीर होतो.

आपल्या घरातली म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत. गुपचूप गिळतात. आज जेवताना त्यांच्या पानाकडे आपणच पाहू या.

उत्तरे सांगा

१. कवळी सैल का होते?

२. माप देण्याआधी कवळी काढून का ठेवतात?

३. कोणता फोड डॉक्टरांना दाखवावा?