छोट्या यंत्रांस वेगनियामक बसवितांना घ्यावयाची खबरदारी

गेल्या उन्हाळ्यांत वडूज येथें आमच्या पडवींत घडलेली गोष्ट प्रथम सांगतों. ड्रिल यंत्रावर लोखंडी पट्टीस भोक पाडीत असतां वीज गेली. पुतण्या चकाभोवतीं अडकलेला कीस हातानें काढूं लागला. इतक्यांत वीज आली व यंत्र आपोआप फिरूं लागलें. बाही फाटली, बोट दैवानें बचावलें. यंत्रास नवाच वेगनियामक बसविला होता. 'वीज येतांच चालू व्हावें' अशी त्याची मांडणी होती, व ती आम्हीं तपासून पाहिली नव्हती.

हा वेगनियामक, ज्यास बाजारांत ड्राइव्ह म्हणतात, उपयोगी खराच. आपल्या विजेचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात; त्यांवर चार ध्रुवांची मोटर मिनिटास सुमारें १४४० फेरे घेते. आवर्तनें २५ केलीं कीं फेरे सुमारें निम्मे होतात. मऊ पोलादांत ६ मिलिमीटर भोकास सुमारें १३०० फेरे चालतात, तर १२ मिलिमीटर भोकास ६५० च पुरेत. एरवीं त्यासाठीं पट्टा एका कप्पीवरून दुसरीवर घालावा लागतो. शिवाय लहान ड्राइव्ह घरगुती एक फेज घेऊन मोटरीस तीन फेज देतो. म्हणजे शेतीपंपाच्या विजेची पाळी पाहत बसावें लागत नाहीं.

आतां मोटरीची निवड. कपॅसिटरवर चालणारी एकफेजी मोटर या कामीं लावूं नये. तीन फेजचीच पाहिजे. तिच्या पाटीवर डेल्टा जोडणीस २३० व्होल्ट लिहिलें असावें व जोडणीही तशीच करावी. ज्या मोटरीस डेल्टांतच ४१५ व्होल्ट लागतात, ती या लहान ड्राइव्हवर पुरी शक्ति देणार नाहीं.

जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवावी. ड्राइव्ह व मोटर यांच्यामध्यें बटण ठेवूं नये. चालतेवेळीं तें उघडल्यास ड्राइव्ह बिघडतो. यंत्राचें जुनें बटण ड्राइव्हच्या आज्ञातारांस जोडावें. ड्राइव्ह, मोटर व यंत्राचा सांगाडा या तिहींस अर्थिंग द्यावें. लोखंडाचा कीस आंत गेल्यास शॉर्ट होतें, म्हणून ड्राइव्ह यंत्रापासून दूर, पण हवा खेळेल अशा पेटींत ठेवावा.

वीज बंद केली तरी ड्राइव्हच्या पोटांत जीवघेणा विद्युत्भार कांहीं वेळ राहतो. झांकणावर लिहिलेला वेळ, बहुधा ५ ते १० मिनिटें, थांबून व मीटरनें तपासूनच आंत हात घालावा.

फार मंद वेगानें दीर्घकाळ काम घेऊं नये. मोटरीचा पंखाही मंदावतो व ती तापते. वेग निम्मा झाला कीं शक्तिही निम्मी होते, म्हणून जड कामास कप्प्या राहूं द्याव्या. उलट, ग्राइंडरचा वेग दगडावर छापलेल्या फेऱ्यांपलीकडे कदापि नेऊं नये. दगड फुटून माणसाच्या अंगावर येतो.

शेवटीं सर्वांत महत्त्वाचें. वीज गेली असतां यंत्र बंदच राहून हातानें बटण दाबल्याखेरीज सुरू होऊं नये, अशी मांडणी करून घ्यावी. हाताशीं लाल 'थांबा' बटण असावें. मग चकांत कांहीं न लावतां मुख्य वीज बंद करून पुन्हां चालू करावी. यंत्र आपोआप फिरलें, तर दोष दूर होईपर्यंत तें वापरूं नये. ही परीक्षा पांच मिनिटांची आहे. आम्हीं ती वेळीं केली असती, तर बाही फाटली नसती.