सोयाबीन उभं, सातबारावर मात्र पोटखराब

प्रश्न : आमचं शेत कंधार तालुक्यात डोंगरउताराला आहे; मी नोकरीनिमित्त लातूरला असतो. सातबारावर एकूण क्षेत्र 2 हेक्टर 40 आर, पैकी 62 आर पोटखराब. वडिलांनी दगड वेचून, गाळ टाकून तो तुकडा केव्हाच वहितीला आणला. मोबाईलवरच्या उपग्रह नकाशात सगळं शेत हिरवं दिसतं. तरीही बँक पीककर्जाला 1 हेक्टर 78 आरच धरते. काय करावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : उपग्रहाला जमिनीवरचं आच्छादन दिसतं. त्याखालून गावाची पायवाट जाते का, हे त्याला कळत नाही. बँक सातबारावरचं लागवडयोग्य क्षेत्र पाहते. ई-पीक पाहणीत सोयाबीन नोंदवलंत तरी पिकाची नोंद होईल, क्षेत्राचा प्रकार बदलणार नाही.

आधी सातबारा काढून पोटखराबापुढे 'वर्ग अ' आहे की 'वर्ग ब' ते पाहा. खडक, नाला, खाणी अशा कारणांनी मोजणीच्या वेळी शेतीला अयोग्य ठरलेली जमीन, तसंच खातेदाराचं खळं, शेतातली इमारत हे 'अ' मध्ये येतं. रस्ता, मान्य पायवाट, इतरांच्या वापरातला ओढा वा तलाव, स्मशान, पिण्याच्या पाण्याची जागा हे 'ब'. तुमचा तुकडा 'ब' असेल तर तिथलं पीक हक्क देत नाही, उलट अडचणीत आणतं.

'अ' असेल तर मार्ग आहे. असा पोटखराब खातेदाराने वहितीला आणला तरी 1968 च्या नियमांनुसार त्यावर आकारणी होत नसे. 2018 च्या दुरुस्तीने ती करता येऊ लागली. तलाठ्याकडे वडिलांच्या (खातेदार तेच असतील तर) नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. स्थळपाहणी, पंचनामा होऊन प्रस्ताव तहसीलमार्फत वर जातो. मंजुरीनंतर फेरफार होतो आणि ते क्षेत्र लागवडयोग्य रकान्यात येतं. आपणहून शेतसारा लावून मागणारा शेतकरी एवढ्या एकाच कामात भेटतो! सारा किरकोळच, कर्ज आणि पीकविम्याला धरलं जाणारं दीड एकर मात्र किरकोळ नाही. पाहणी पीक उभं असताना व्हावी, म्हणून अर्ज पेरणीनंतर लगेच करा.

एक घोळ नेहमी होतो. 'भोगवटादार वर्ग 2' आणि 'पोटखराब वर्ग ब' यांचा संबंध नाही. पहिला धारणाप्रकार आहे. त्यात विक्रीला परवानगी लागते. मराठवाड्यात इनामी जमिनींमुळे हा शेरा बऱ्याच उताऱ्यांवर आहे. तुमच्या उताऱ्यावर असेल तर तो वेगळा विषय, वेगळा अर्ज.