वकिली, पण गुन्हेगारीशास्त्राच्या जोडीनं

बारावीचा निकाल लागला की आमचे फोन सुरू होतात. परवा एका आईचा आला. लेकीला कायदा शिकायचाय, त्याला घरात कुणाची ना नव्हती. पण त्याच्या जोडीला क्रिमिनॉलॉजी करायची म्हटल्यावर दोन दिवस अबोला. “सर, दिवाणी, कंपनीबिंपनीची वकिली ठीक आहे. पण मुलीनं चोर-खुन्यांत वावरायचं?”

टीव्हीवरच्या गुन्हे-मालिका बघून मुलं इकडे वळतात आणि त्याच बघून आईवडील घाबरतात. वास्तविक रक्ताचे डाग, बोटांचे ठसे हे न्यायसहायक विज्ञानाचं काम. त्याला विज्ञान शाखा हवी आणि प्रयोगशाळेत उभं राहायची तयारी. गुन्हेगारीशास्त्राचे प्रश्न निराळे. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, पोलीस कुठल्या वस्तीतून कुणाला उचलतात, शिक्षा भोगून तो सुधारतो की बिघडतो, आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचं पुढे काय होतं.

दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात अर्धा दिवस बसलात तरी हे दिसेल. मोबाइल चोरीतला विशीचा पोरगा. जामीन मंजूर होतो. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक हमीदार. हमीदाराकडे पगारपत्रक किंवा घरपट्टीची पावती हवी. पोरगा पुलाखाली झोपणारा, तो कुणाची घरपट्टी आणणार? कागदावर सुटला, प्रत्यक्षात आतच. आपल्या तुरुंगांतले चारांतले साधारण तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला अजून न संपलेले. त्यांतल्या कितीजणांचा अडसर कायदा नसून कागद आहे, हे फक्त कलमं पाठ केलेल्या वकिलाच्या लक्षात येत नाही.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले, तेव्हापासून ही जोडी जास्तच कामाची झाली आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद सोडता त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आली. ती कुणाला द्यावी, कुठे करून घ्यावी, याचं उत्तर संहितेत शोधून सापडणार नाही.

आता मार्ग. बारावीनंतर कुठल्याही शाखेतून पाच वर्षांची एलएल.बी. करता येते. त्यासाठी राज्याची सीईटी, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. दुसरी वाट मला स्वतःला जास्त आवडते. आधी मानसशास्त्र किंवा समाजशास्त्रात बी.ए., मग तीन वर्षांचा कायदा. वर्षं एखादं जास्त जातं, पण पाया पक्का होतो. कायद्यानंतर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय या विषयात समाजकार्याचं एम.ए. करता येतं. याच संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय.

फी भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. नुसत्या गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. त्यासाठी बार कौन्सिलची मान्यता असलेली कायद्याची पदवीच लागते. दुसरं, माहितीपत्रकावर ठळक अक्षरात छापलेली ‘क्रिमिनॉलॉजी’ बरेचदा एका सत्रातला एक ऐच्छिक पेपर निघते. अभ्यासक्रम मागून घ्या, विषय मोजा. सहा महिन्यांत ‘क्राइम एक्स्पर्ट’ करणाऱ्या जाहिरातींबद्दल न बोललेलंच बरं.

पैशांचं काय? खरं सांगतो, पहिली तीन-चार वर्षं हात तंगच राहतो. ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली कधी प्रवासखर्चही सुटत नाही. पण फौजदारीत पगारी कामंही आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २०२२ मध्ये गरीब आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था सुरू केली. ती जिल्हा पातळीवर चालते. अनुभवानंतर सरकारी अभियोक्त्याच्या परीक्षा आहेत, परिविक्षा अधिकाऱ्याची पदं आहेत. बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. न्यायाधीश व्हायचं असेल तर घाई नको. नव्या पदवीधरांना थेट परीक्षेला बसता येऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली.

त्या आईला मी एवढंच सुचवलं, की लेकीला घेऊन एक दिवस जवळच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. फौजदारी कोर्ट सहसा सगळ्यांना खुलं असतं, फक्त मोबाइल बंद ठेवा.

आठवड्यानं पुन्हा फोन आला. चोर-खुन्यांचा विषय निघालाच नाही. “सर, ज्याला हमीदारच मिळत नाही त्याचं काय करतात हो?”

म्हटलं, जामीनपात्र गुन्हा असेल आणि अटकेपासून आठवड्यात हमीदार मिळाला नाही, तर त्याला गरीब धरून नुसत्या मुचलक्यावर सोडतात. अजामीनपात्र असेल तर मामला लांबतो, ते फोनवर सांगता येणार नाही.

“थांबा,” त्या म्हणाल्या, “हिला देते. ही वहीच घेऊन बसलीय.”