व्यायाम आणि हवामान

चैत्रात सप्तशृंग गडाची यात्रा भरते, तेव्हा नाशिकहून पायी निघालेले यात्रेकरू आपल्या दिंडोरीवरून वणीकडे जातात. आश्विनातील नवरात्रातही ही वाट अशीच गजबजते. वाट तीच, अंतरही तेच; मग एका ऋतूत सुखाचे वाटणारे चालणे दुसऱ्या ऋतूत जिवावर का बेतावे? या प्रश्नाचा आम्ही येथे थोडक्यात विचार करणार आहोत.

स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या शक्तीपैकी सुमारे चौथा हिस्साच कामी येतो. उरलेल्या शक्तीची उष्णता होते. शरीराचे उष्णमान तर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले पाहिजे. म्हणून कातडीकडे अधिक रक्त जाते व घाम सुटतो. परंतु घाम नुसता गळून भागत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातील पाणी गार होते ते याच न्यायाने.

चैत्राच्या कोरड्या हवेत घाम तत्काळ वाळतो. त्यामुळे शरीरातील पाणी किती गेले, हे ध्यानात येत नाही. रक्तातील पाणी घटले की हृदयाला अधिक वेगाने धडधडावे लागते. याउलट पावसाळी दमट हवेत घाम वाळतच नाही, म्हणून ऊन नसतानाही शरीर आतून तापत जाते.

१९१२ साली स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉन धावताना पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो उन्हात कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याने अंगाला चरबीसारखा लेप चोपडला होता, असे सांगतात. घामाची वाट अडविणे किती घातक, हे यावरून दिसते.

म्हणून उन्हाळ्यात व्यायाम सकाळीच करावा, कपडे सैल व सुती असावेत आणि मधून मधून पाणी प्यावे. नव्या हवेची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर श्रम बेताचेच करावेत.

धावता धावता सोबती असंबद्ध बोलू लागला, अडखळला किंवा बेशुद्ध झाला, तर घाम येत असला तरी उष्माघाताची शंका घ्यावी. त्याला सावलीत न्यावे, सर्वांगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

विद्यार्थिमित्रहो, थकल्यावर थांबणे हा भित्रेपणा नव्हे. पालकांनीही मुलांना हे अवश्य सांगावे, एवढीच आमची विनंती.